गाइडला काय विचारशील?

चि. सुजय यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. राजस्थानचं बुकिंग झालं, जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर असा मार्ग ठरला आणि तू तोंड वाकडं करून का होईना, आई-वडिलांबरोबर निघतो आहेस, एवढं कळलं. ‘चाळीस माणसांच्या घोळक्यात झेंड्यामागून चालायचं, याला काय प्रवास म्हणतात?’ हे तुझं वाक्यही तिने जसंच्या तसं ऐकवलं. मी कमाईची सगळी वर्षं तो झेंडा हातात धरून काढली, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे, असं धरून चाल.

एकटा गेला असतास तरी तुला मोबाइलनेच फिरवलं असतं. त्यातही तीच दहा ठिकाणं वर येतात आणि तोच फोटो काढायला लोक रांगेत उभे असतात. शिवाय जयपूर ते बिकानेर तीनशेवर किलोमीटर, तिथून जैसलमेर पुन्हा तेवढंच. आईचे गुडघे आणि वडिलांच्या जेवणाच्या वेळा सांभाळून हे अंतर कापायचं, तर सहलीची बस बरी. तेव्हा ‘सहा-सात-आठ’ला नाक मुरडू नकोस. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस हलणार. बसमध्ये रोज जागा बदलतात, त्यावरून कुणाशी वाद घालू नकोस. पुढच्या सीटवरून भांडणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यांच्यावर एक स्वतंत्र पत्र होईल. वेळ, रस्ता आणि जेवण दुसऱ्याच्या हाती सोपवलंस की तुझ्याकडे बघणं आणि विचारणं एवढंच उरतं. त्या विचारण्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

प्रत्येक शहरात तुम्हाला स्थानिक गाइड मिळेल. सरकारी परवाना असलेला असेल तर गळ्यात ओळखपत्र असतं. या माणसाला दोन गोष्टी पाठ असतात, आकडे आणि गिऱ्हाईक. हवामहालाच्या ९५३ खिडक्या, १७९९ सालचं बांधकाम, सवाई प्रतापसिंह, हे तो झोपेतही म्हणेल. ते खरंच आहे, पण फलकावरही लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक मात्र तो तोंड बघून ओळखतो. मराठी ग्रुप दिसला की आंबेरला शीशमहालापाशी मिर्झाराजे जयसिंह, पुरंदरचा तह आणि आग्र्याची सुटका निघणार. मंडळी घोषणा देणार आणि गाइडची त्या दिवसाची बिदागी पक्की होणार. यात खोटं काही नाही. शिवाजी महाराज आग्र्याला होते तेव्हा मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह त्यांच्यासाठी जामीन राहिला होता, आणि त्या दिवसांचं आपल्याला असलेलं बरंचसं ज्ञान आंबेरच्या सेवकांनी घरी धाडलेल्या पत्रांतून आलेलं आहे. जयपूर दरबारचे जुने कागद आज बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तुमची बस त्या गावात मुक्काम करेल, पण तिकडे वळणार नाही.

मात्र गाइड तिथेच थांबतो, पुढचं तुला विचारावं लागेल. जयपुरात त्रिपोलिया बाजारात उभं राहिलं की दुकानांच्या मागे एक उंच, सडपातळ मनोरा दिसतो. त्याला ईसरलाट म्हणतात, सरगासूलीही म्हणतात. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांचा मुलगा ईश्वरीसिंह याने भावावर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून तो उभारला. भावाच्या, म्हणजे माधोसिंहाच्या बाजूने आपले मराठे उतरले. ईश्वरीसिंहाकडून खंडणीचे करार करून घेतले गेले, पैसे थकले, आणि १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज जयपूरवर चालून आली तेव्हा त्या राजाने विष घेतलं आणि स्वतःला नागही डसवून घेतला, असं सांगतात. गादी माधोसिंहाला मिळाली. पण पुढच्याच महिन्यात, जयपूर बघायला आणि खरेदी करायला शहरात शिरलेल्या मराठ्यांवर लोक तुटून पडले आणि हजारोंची कत्तल झाली. आणखी चार वर्षांनी नागौरच्या वेढ्यात जयाप्पा शिंद्यांचा खून झाला.

आपण शाळेत अटकेपार गेलेला झेंडा शिकलो. तो झेंडा ज्या गावांतून गेला तिथे त्याची आठवण कशी राहिली, हे कुणी शिकवलं नाही. म्हणून घोळका लाखेच्या बांगड्या बघायला मणिहारांच्या रस्त्यात शिरेल तेव्हा गाइडला बाजूला घे आणि विचार, ‘दादा, मराठ्यांबद्दल तुमच्या घरी काय सांगतात?’ आधी तो हसेल, विषय टाळेल. पुन्हा विचार. माझा अनुभव असा की या प्रश्नानंतर माणूस पाठांतर सोडून बोलायला लागतो. आणि त्याने काही बोचरं सांगितलं तर लगेच वकिली करायला धावू नकोस. ऐकून घे. हेही लक्षात ठेव की याच जयपुरात १७३५ साली बाजीरावांच्या आई राधाबाई काशीयात्रेच्या वाटेवर आल्या तेव्हा सवाई जयसिंहांनी त्यांचा मोठा सन्मान केला होता. पंधरा वर्षांत काय घडलं असेल, याचा विचार करायला बिकानेरपर्यंतचा रस्ता पुरतो.

जंतरमंतरला तुझ्यातला इंजिनिअर आपोआप जागा होईल, तिथे मी कशाला बोलू. एवढंच कर, सम्राट यंत्रावरची वेळ वाचून हातातल्या घड्याळाशी ताडून बघ. जयपूर प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला, त्यामुळे सरासरी सत्तावीस मिनिटांचा फरक पडतो आणि त्यात ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं. गाइडने बेरीज करून सांगण्याआधी तू करून दाखव. तो तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागेल.

आता पाण्याबद्दल. वाळवंटी शहरांत किल्ला, महाल, जाळ्या-झरोके दाखवायची रीत आहे, आणि तू ते बघशीलच. पण कुठेही गेलास तरी मनाशी एक धर, इथे माणसं पीत काय होती? जयपूरजवळच्या जयगडावर तुम्हाला जयबाण तोफ दाखवतील आणि तिचा गोळा चाकसूला पडून तिथे तळं झालं, अशी थाप ऐकवतील. ऐक, मजा घे. मग तिथेच असलेल्या टाक्यांकडे जा. डोंगरउतारांवरून चर काढून पावसाचं पाणी गडावर आणलेलं आहे आणि भल्यामोठ्या टाक्यांत साठवलेलं आहे. तोफ एकदा उडाली म्हणतात. टाकी दर पावसाळ्यात भरायची. जोधपुरात तूरजीचा झालरा बघ, अठराव्या शतकात एका राणीने बांधलेली पायऱ्यांची विहीर. कैक वर्षं ती गाळाने भरून पडली होती, अलीकडे साफ केली. आता तिच्याभोवती कॅफे निघाले आहेत आणि गावातली पोरं वरून थेट पाण्यात उड्या मारतात.

जैसलमेर तर सगळं पाण्याचंच प्रकरण आहे. तिथे वर्षाला पाऊस दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या घरात. मुंबईत जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी तेवढा पडून जातो. ११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात. दारात स्कूटर उभ्या असतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. शेकडो वर्षं इथल्या बायका खालच्या गडीसर तलावातून डोक्यावर पाणी आणत. अशा पाण्याचा थेंब कुणी सांडत नाही. मग नळ आले, घरांची हॉटेलं झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं, आणि ते सगळं सांडपाणी किल्ल्याखालच्या टेकडीत मुरायला लागलं. टेकडी ठिसूळ, आत मातीचे थर. ते फुगले, भिंती सरकल्या, काही बुरूज ढासळलेही. शत्रूंना पुरून उरलेल्या किल्ल्याला नळाचं पाणी जड गेलं. तुमचा मुक्काम किल्ल्याच्या बाहेर असेल तर उत्तम. आत असेल तर निदान तुमच्या खोलीतला नळ टपकत ठेवू नका, आणि ‘अंघोळीला बादलीभरच गरम पाणी मिळालं’ म्हणून तक्रार करणाऱ्या सहप्रवाशांना ही हकिगत सांग. सांगण्याचा फायदा होईलच असं नाही.

संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांकडे नेतात. वाटेत कुलधरा लागेल, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. इथे गाइड आवाज खाली आणून बोलतो. दिवाण सालिमसिंहाची नजर पाटलाच्या मुलीवर पडली आणि चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत शाप देऊन उठून गेली, म्हणून इथे भुतं आहेत, वगैरे. अभ्यासकांना एका रात्रीचा पुरावा सापडत नाही. विहिरी आटत गेल्या, कराचा बोजा वाढला, माणसं हळूहळू गेली, असं ते म्हणतात. पण मला त्या भुतापेक्षा पालीवाल जास्त आवडतात. ते इथे गहू पिकवत, ते कसं हे विचार. खडकाळ उंचवट्यावर पडलेला पाऊस खाली वाहून येतो, सखल जमिनीला मातीचा बांध घालून तो अडवायचा, पावसाळाभर मुरू द्यायचा, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवरच हरभरा-गहू पेरायचा. वरून पुन्हा पाणी देण्याची गरज नाही. याला खडीन म्हणतात, आणि जैसलमेरच्या आसपास अजूनही खडिनात शेती होते. गाइडला ‘चालू खडीन दाखवता का’ असं विचारलंस तर तो ड्रायव्हरकडे बघेल. बऱ्याचदा बस पाच मिनिटं थांबते. आपल्या सोलापूर-सांगोल्याकडची माणसं ग्रुपमध्ये असली तर ती त्या बांधावर रेंगाळतात, उंटाकडे बघतही नाहीत.

वाळूचं म्हणशील तर थरचं वाळवंट सगळं वाळूच्या टेकड्यांचं नाही. रस्त्याने तुला दगड, गवत, काटेरी झुडपं आणि खेजडीची छाटलेली झाडं जास्त दिसतील. खेजडी म्हणजे आपली शमी. तिचा पाला जनावरांना, शेंगा माणसांना. ताटात केर-सांगरीची भाजी येईल, तिच्यातली सांगरी म्हणजे याच शेंगा. ‘वाळवंट कधी येणार?’ म्हणून लोक या रस्त्यावर झोपतात, आणि वाळवंट त्यांच्या खिडकीबाहेरून निघून जातं. पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसतील तेव्हा एक पक्षीही आठव. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ दिसेनासा झालेला आपला माळढोक आता जगात उरला आहे तो मुख्यतः याच जैसलमेर जिल्ह्यात, आणि या तारांना धडकून मरतो.

समच्या कँपवर नाचगाणं असतं. जेवणाच्या थाळ्या वाजत असताना मांगणियार गातात, आणि आपली मंडळी सिनेमाच्या गाण्याची फर्माईश करतात. हे कलाकार मुसलमान, त्यांचे पिढीजात यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी बारसं असो की लग्न, गायला हेच. कार्यक्रम संपून गर्दी तंबूत गेली की त्यांच्याजवळ जाऊन बस, कमायचा वाजवणारा कुणी आहे का विचार, आणि यजमानाकडे गातात ते गायला सांग. पैसे हातात दे, ताटलीत टाकू नकोस. जोधपुरात मोकळी दुपार मिळाली तर अरणा-झरणाला जाऊन ये. या गाणाऱ्यांना जगापुढे आणणाऱ्या कोमल कोठारींनी कल्पिलेलं वाळवंटाचं संग्रहालय आहे, आणि त्यात चक्क केरसुण्या मांडून ठेवल्या आहेत. कुठल्या भागात कुठलं गवत उगवतं, ते कापतं कोण, बांधतं कोण, हे त्यांवरून कळतं. आईला ते मेहरानगड किल्ल्याइतकंच आवडेल.

खरेदीचं थोडक्यात. बस एखाद्या मोठ्या एम्पोरियमपुढे थांबेल, चहा मिळेल, गालिच्यांचे ढीग उलगडले जातील. तिथल्या किमतीत आणणाऱ्यांचा वाटा धरलेला असतो. मी याच धंद्यातला, म्हणून खात्रीने सांगतो. चहा पी, हात लावून बघ, नाही घेतलंस तरी चालतं. रजई जयपूरच्या बाजारात, बांगड्या बांगड्या करणाऱ्याकडूनच घे. गाइडची बिदागी शेवटी आपण होऊन दे, आणि ज्याने तुझ्या प्रश्नांना उत्तरं दिली त्याला जरा सढळ हाताने.

ताईला नमस्कार, भाऊजींना सांग की बिकानेरची भुजिया सगळी स्वतःच संपवू नका.

तुझा,
अरविंदमामा

ता. क. आंबेरला हत्ती नको, जीपने वर जा. मेहरानगडाला लिफ्ट आहे, वेगळं तिकीट पडतं, आईसाठी तेवढं काढ. आणि समला रात्री हाडं गोठतात. नुसत्या शालीवर निघू नका, तिघांचे स्वेटर आणि कानटोप्या हँडबॅगेत ठेव, बसच्या पोटातल्या बॅगा संध्याकाळी कुणी उघडून देत नाही.