आर्किटेक्टचं लायसन आणि साठ हजारांचा क्लास: खिसा रिकामा असताना तयारी कशी करायची?

‘लायसन लागणारे व्यवसाय’ हा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक तिसरा माणूस आर्किटेक्टबद्दल विचारतोय. परवा ओतूरकडचे एक काका आले. मुलगी बारावी सायन्सला. एका क्लासवाल्याने त्यांना सांगितलंय, “आर्किटेक्टच्या लायसनची परीक्षा असते, आत्तापासून क्लास लावा, साठ हजार भरा.” काका मला म्हणाले, “कांदा विकून भरू का?”

काका, थांबा. कांद्याचे पैसे आधी बँकेत ठेवा आणि हे वाचा.

आपल्या देशात डिग्री झाल्यावर आर्किटेक्टच्या लायसनसाठी वेगळी परीक्षा नाही. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ चा. त्या कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर तयार झाली. मान्यताप्राप्त कॉलेजातून पाच वर्षांची बी.आर्क. करायची, कौन्सिलकडे अर्ज करायचा, कागदपत्रं आणि फी द्यायची, नोंदणी होते. ‘सीए’ने सुरू होणारा नंबर मिळतो, तोच तुमचा परवाना. सीए म्हटल्यावर आपल्याकडे लोक टॅक्सवाला समजतात, ते सोडा.

मग परीक्षा कुठे आहे? ती दारातच आहे, प्रवेशाच्या वेळी. नाव नाटा. घेते तीच कौन्सिल. दुसरा रस्ता जेईई मेनचा पेपर दोन. म्हणजे ‘लायसनची परीक्षा’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी विचारा, साहेब, नक्की कुठली परीक्षा? हा एक प्रश्न फुकट आहे आणि बरेच पैसे वाचवतो.

पेपर समजून घ्या

२०२५ ची नाटा २०० मार्कांची होती. पहिला भाग ८० मार्कांचा, हाताने काढायचा: तीन प्रश्न, ९० मिनिटं. एक रंगीत रचना, एक काळं-पांढरं स्केच, आणि एक थ्रीडी रचना, ज्यात परीक्षेत दिलेल्या साहित्यातून वस्तू उभी करायची. दुसरा भाग १२० मार्कांचा, कॉम्प्युटरवर, तोही ९० मिनिटं. हा ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ आहे, म्हणजे तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरतं. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. यात आकृत्यांचं लॉजिक, आकडेमोड, इमारती आणि डिझाइनबद्दलची माहिती, भाषेची समज असं सगळं येतं. पॅटर्न वर्षागणिक थोडा बदलतो, म्हणून त्या वर्षाचं माहितीपत्रक नाटाच्या वेबसाइटवरून डाउनलोड करून प्रिंट काढा. अभ्यासाचं पहिलं पुस्तक तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्राच्या कॅप राउंडमध्ये मेरिट लागतं ते बारावी आणि नाटा (किंवा जेईई पेपर दोन) यांना सारखं वजन देऊन. बारावीचे मार्कही २०० पैकी करून धरतात. हिशोब करा: बारावीला ५ टक्के जास्त मिळाले तर ते मेरिटमध्ये १० मार्क झाले, आणि नाटाला १० मार्क वाढवणं सोपं नाही. तरी मुलं काय करतात? डिसेंबरपासून स्केचबुक घेऊन बसतात आणि फिजिक्स सोडून देतात. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्या मालावर मार्जिन आहे तोच शेल्फवरून काढून टाकतात. फेब्रुवारीपर्यंत रोज एक तास ड्रॉइंग, बाकी बोर्ड. बोर्ड संपल्यावर ड्रॉइंगला पूर्ण दिवस द्या.

खर्चाचा कागद

२०२५ ला एका अटेम्प्टची फी जनरल मुलाला १७५०, मुलींना आणि एससी-एसटीला १२५०. वर्षात तीन अटेम्प्ट देता येत होते. माझा सल्ला: दोनच धरून चला. मुलीसाठी २५०० झाले. पेन्सिली (एचबी, २बी, ४बी, ६बी), चांगले रंगीत पेन्सिलचे २४ रंग, ए-फोर रिम, कटर, फेविकॉल, पट्टी हे सगळं आमच्या दुकानात साधारण १५०० मध्ये बसतं. महागडी विदेशी पेन्सिल घेऊ नका, मी विकतो तरी सांगतो. सेंटर पुणे मिळालं तर आई किंवा वडिलांसोबत एसटीने दोन फेऱ्या आणि चहा-नाश्ता धरून हजारभर. एकूण पाच हजार. क्लासचे साठ वजा केले तर ५५ हजार हातात राहतात. ते उरले म्हणून खर्च करायचे नाहीत. बी.आर्क.च्या पहिल्या वर्षी शीट, मॉडेलचं साहित्य, स्टडी टूर आणि पुढे लॅपटॉप यांत पैसा पाण्यासारखा जातो. फीपेक्षा या खर्चानेच घरं जास्त अडचणीत येतात, कारण त्याचा हिशोब कोणी केलेला नसतो. प्रवेशाआधीच हे खेळतं भांडवल बाजूला काढलं तर दुसऱ्या सेमिस्टरला सोनं गहाण टाकायची वेळ येत नाही.

क्लास पूर्ण वाईट असं मी म्हणत नाही. क्लासमध्ये एकच गोष्ट खरी मिळते: तुमचं चित्र बघून चूक सांगणारा माणूस. तो आपल्या गावात आहे. शाळेतले ड्रॉइंगचे सर, ज्यांनी तुमच्याकडून एलिमेंटरी-इंटरमीजिएट करून घेतली, त्यांना भेटा. दर रविवारी सात चित्रं घेऊन जा, तासाची ठरवून फी द्या. सर फी नको म्हणतील, तरी द्या. फुकटच्या कामाला दोन्ही बाजूंनी दांडी पडते.

जुन्नरसारखा सराव कुठे मिळणार?

पुण्यातली मुलं पुस्तकातल्या फोटोवरून स्केच करतात. आपल्या आजूबाजूला दोनशेवर लेणी आहेत. तुळजा लेणीतलं चैत्यगृह गोल आहे आणि त्यात १२ खांबांचं वर्तुळ आहे. तिथे एक दुपार बसा. गोल वस्तू तिरकी दिसली की लंबवर्तुळ होते, जवळचा खांब मोठा आणि लांबचा लहान का दिसतो, हे डोळ्याला कळतं. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपती आहे ते सातव्या क्रमांकाचं लेणं. एवढा मोठा सभामंडप आणि आत एकही खांब नाही. का चालतं? कारण छत बांधलेलं नाही, डोंगर कोरून काढलाय. हा एक विचार पक्का समजला की रचनेचे अर्धे प्रश्न वेगळे दिसायला लागतात. (लेण्याद्रीला पुरातत्त्वचं तिकीट आहे, ते बजेटमध्ये धरा.) हापूसबागेजवळची हबशी घुमट बघा, चौकोनावर गोल घुमट कसा बसवलाय ते काढा. आंबेगावकरांनी पावसात पश्चिमेकडची घरं काढावीत, छपराचा उतार का एवढा असतो ते पाणीच सांगतं.

थ्रीडीसाठी विकतचं किट लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, कागद जाड असतो. काड्यापेट्या, साबणाचे खोके, स्ट्रॉ. घड्याळ लावून ३० मिनिटांत एक वस्तू. गणित-फिजिक्सला एनसीईआरटीची पुस्तकं फुकट पीडीएफ मिळतात. इमारतींबद्दल ऐकायचं असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची आर्किटेक्चरची लेक्चर्स आहेत, इंग्रजीत आहेत पण स्पीड कमी करून ऐका.

पैसे कमी असताना शिकलेल्यांमध्ये एक नाव जरूर माहीत असू द्या. बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्यातला, १९२७ चा, घरी फर्निचरचा धंदा. मुंबईच्या जे.जे.त शिकले, मग तिथल्या रिबा या संस्थेची परीक्षा द्यायची म्हणून लंडनला गेले. ती बाजूला राहिली आणि ते पॅरिसला ल कार्बुझिएच्या ऑफिसात कामाला लागले, पहिले आठ महिने बिनपगारी. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, भारतातले पहिलेच. बिनपगारी काम करा असं मी सांगत नाही हं, आठ महिने जेवण कोण देणार ते आधी लिहून काढा.

सिव्हिल डिप्लोमावाल्यांसाठी

मंचर-नारायणगावला प्लॅन काढून देणारे बरेच तरुण ऐकतात हे, म्हणून स्पष्ट बोलतो. बोर्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहू नका. कलम ३७ प्रमाणे नोंदणी नसताना ते नाव लावलं तर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हे कलम नाव वापरण्यापुरतं आहे, ड्रॉइंगचं काम करायला त्याने बंदी नाही. म्हणजे धंदा करा, पण ‘सिव्हिल इंजिनिअर, प्लॅन व एस्टिमेट’ असा खरा बोर्ड लावा. परवानगीच्या फायलीवर कोणाची सही चालते हे डिसेंबर २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये दिलंय, आणि त्यात आर्किटेक्टशिवाय परवानाधारक इंजिनिअर, सुपरवायझरही आहेत. तुमची पात्रता कशात बसते ते नगरपरिषदेत विचारा. सही भाड्याने घेऊ नका, स्लॅबला तडा गेला की दोघंही अडकता.

डिप्लोमाला गणित असेल तर नाटा देता येते. पण पाच वर्षं म्हणजे पाच वर्षांची कमाईही खर्चात धरा. तिशी ओलांडलेल्या, घर चालवणाऱ्या माणसाला मी हा रस्ता सहसा सांगत नाही. बावीस वर्षांच्या पोराला सांगतो.

ज्यांची मुलं बी.आर्क. करून अमेरिकेत आहेत त्यांचं वेगळं. तिथे खरोखर लायसनची परीक्षा आहे, एआरई, सहा भागांची. एनकार्ब ही संस्था सराव परीक्षा फुकट देते, आधी ती सोडवायला सांगा, महागडा कोर्स नंतर.

आता काकांसाठी शेवटचं काम. मुलीसाठी फी सवलत बघायची आहे. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क माफ आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता हवी. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिचा अर्ज आजच टाका. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये नवा काढा. जूनमध्ये जुन्नर काय, घोडेगाव काय, सेतूला रांग रस्त्यापर्यंत येते.