विरघळलं, पण कुजलं का?

भांडी घासायचं लिक्विड, वॉशिंग पावडर, फिनाईल हे माल आपल्यापैकी बरेच गट बनवतात. लेबल छापायची वेळ आली की प्रेसवाला विचारतो, "ताई, 'पर्यावरणपूरक' टाकू का?" आपण हो म्हणतो. कुणी 'निसर्गात सहज विरघळणारे' असंही टाकतं. प्रदर्शनात एखादी गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन विचारते, "विरघळतं म्हणजे किती दिवसांत? कशावरून?" तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून या वेळचा पाठ याच प्रश्नावर आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. मीठ पाण्यात विरघळतं, दिसेनासं होतं. पण ते पाणी आटवलं की तळाला मीठ तेवढंच्या तेवढं सापडतं. म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं. कुजणं याच्यापेक्षा वेगळं आहे. उकिरड्यावरचा पालापाचोळा, उष्टं अन्न, शेण यांना जिवाणू खातात, खाताना ऑक्सिजन घेतात, आणि शेवटी त्या पदार्थाचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. मूळ पदार्थ राहतच नाही. यालाच पुस्तकी भाषेत जैवविघटन म्हणतात. लेबलवर आपल्याला म्हणायचं असतं हे, आणि आपण छापतो 'विरघळणारे'!

ही तपासणी जगाला का लागली, त्यामागे फेस आहे. १९५० नंतर साबणाच्या जागी डिटर्जंट आलं. त्यातला फेस करणारा पदार्थ फांद्या फुटलेल्या साखळीचा होता. जिवाणूंना त्या फांद्या तोडता येईनात. युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. मग १९६४-६५ च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत तो माल मागे पडला आणि सरळ साखळीचा माल आला. जुन्याला 'हार्ड' आणि नव्याला 'सॉफ्ट' डिटर्जंट म्हणत. इथे हार्डचा अर्थ आपल्या बोअरच्या जड पाण्यासारखा नाही. हार्ड म्हणजे कुजायला कठीण. आपण दुकानातून जी ॲसिड स्लरी आणतो तिच्यातही हाच भेद येतो. सरळ साखळीच्या स्लरीला 'लॅबसा' म्हणतात. बिलावर आणि डब्यावर तेच नाव आहे का, ते बघून घ्यायचं.

आता तपासणी कशी होते ते बघू. विकसित देशांच्या 'ओईसीडी' नावाच्या संघटनेने ठरवलेली ३०१ क्रमांकाची पद्धत जगभर चालते. सध्याचं तिचं रूप १९९२ मध्ये ठरलं. तिच्यात सहा प्रकार आहेत. समजायला सगळ्यात सोपा प्रकार बंद बाटलीचा.

स्वच्छ पाण्यात जिवाणूंना लागणारे थोडे क्षार घालतात आणि भरपूर हवा खेळवतात. त्यात तपासायचा पदार्थ अगदी चिमूटभरही नाही, एका लिटरला २ ते १० मिलिग्रॅम एवढाच टाकतात. मग विरजण लावायचं. विरजण म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी, लिटरमागे जास्तीत जास्त ५ मिली. त्यात जिवाणू असतात. पण हे जिवाणू आधीपासून त्याच पदार्थावर पोसलेले नकोत. नाहीतर परीक्षेआधी पेपर दाखवल्यासारखं होईल. बाटली काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडाही न ठेवता घट्ट बंद करतात आणि २० अंशांच्या आसपास अंधारात ठेवतात. उजेडात शेवाळ वाढतं, शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आणि हिशेब चुकतो.

हिशेब ऑक्सिजनचाच आहे. जिवाणूंनी पदार्थ खाल्ला तर बाटलीतला ऑक्सिजन कमी होणार. किती कमी झाला, त्यावरून किती खाल्लं ते कळतं. पण जिवाणू उपाशी असले तरी श्वास घेतातच ना? म्हणून शेजारी दुसरी बाटली ठेवतात. तिच्यात सगळं तेच, फक्त पदार्थ नाही. तिचा खर्च वजा करायचा.

एक उदाहरण वहीत मांडून बघा. समजा लिटरला ३ मिलिग्रॅम पदार्थ टाकला आणि १ मिलिग्रॅम पूर्ण कुजायला २ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे सगळा कुजला तर ६ मिलिग्रॅम लागणार. सुरुवातीला दोन्ही बाटल्यांत ऑक्सिजन ९. अठ्ठाविसाव्या दिवशी नुसत्या जिवाणूंच्या बाटलीत ८.२ उरला, खर्च ०.८. पदार्थाच्या बाटलीत ४ उरला, खर्च ५. फरक ४.२. सहापैकी ४.२ म्हणजे ७० टक्के. पदार्थ पास. कारण पास व्हायला २८ दिवसांत ६० टक्के लागतात. गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला हा हिशेब जड नाही.

शंभर का नाही, साठच का? जेवलेलं सगळं श्वासातून जात नाही, काही अंगाला लागतं. जिवाणूंचंही तसंच. उरलेल्या भागातून ते स्वतःचं शरीर वाढवतात, नवे जिवाणू तयार होतात. आणखी एक अट आहे: १० टक्के कुजल्यापासून पुढच्या १० दिवसांत ६० गाठायचे. बंद बाटलीला १४ दिवसांची सूट मिळते. म्हणजे रेंगाळत पास होणारा पदार्थ 'सहज' कुजणारा ठरत नाही.

तपासणीची तपासणीही होते. एका बाटलीत हमखास कुजणारा पदार्थ, उदाहरणार्थ सोडियम ॲसिटेट, ठेवतात. चौदा दिवसांत तो ६० टक्के कुजला नाही तर जिवाणूच कमजोर होते असं धरून सगळं रद्द. आणि फिनाईलसारख्या जंतुनाशक मालासाठी महत्त्वाची आणखी एक बाटली असते. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण विरजणच मरतं. तसं पदार्थाने जिवाणूच मारले तर आकडा शून्य येतो आणि पदार्थ कुजत नाही असं वाटतं. म्हणून एका बाटलीत तपासायचा पदार्थ आणि हमखास कुजणारा पदार्थ दोन्ही टाकतात. तिथे हमखास कुजणाराही कुजला नाही, तर विष कुठे आहे ते कळलं.

फेस गेला म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. जिवाणूंनी साखळीचं एक टोक कुरतडलं तरी फेस थांबतो. बाकीचा तुकडा पाण्यातच राहू शकतो. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट म्हणून एक पदार्थ क्लीनरमध्ये वापरतात, बाजारात त्याला 'एनपी-९' वगैरे म्हणतात. त्याचा फेस जातो, पण मागे नोनिलफिनॉल उरतं. ते माशांच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. युरोपने २००५ पासून धुण्या-पुसण्याच्या मालात त्याच्यावर बंदी घातली. आपल्या फिनाईलच्या कृतीत कुणी 'एनपी-९' सांगितलं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, ते घेऊ नये.

आता प्रयोगशाळेतून आपल्या गावात येऊ. बाटलीत भरपूर ऑक्सिजन होता आणि पदार्थ मिलिग्रॅममध्ये होता. उन्हाळ्यात मांजरा आटते, डोह तेवढे राहतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. अशा डोहात कपडे धुतले तर साबण पातळ व्हायला पाणी नसतं आणि ऑक्सिजनही कमी असतो. लॅबसा ऑक्सिजन असेल तर चांगली कुजते, तो नसेल तर जवळजवळ कुजतच नाही. तपासणीत पास झालेला माल डोहात नापास होतो तो असा. नांदेडला गोदावरीचं पात्र मोठं आहे, पण शहराचं सांडपाणी जिथे मिसळतं तिथे जिवाणूंना आधीच भरपूर खायला असतं. ऑक्सिजन त्यातच संपतो.

शोषखड्ड्याचंही हेच. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून डास घालवले आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून तो खड्डा बाहेरही पोचला. खड्ड्यात दगड-गोटे असतात, त्यांच्या फटींतून हवा जाते, म्हणून तिथे जिवाणू जगतात. गाळ आणि तेलकटपणा साचून फटी बुजल्या की पाणी काळं पडतं, वास येतो. तो वास म्हणजे ऑक्सिजन संपल्याची खूण. टाकीतला गाळ वेळच्या वेळी काढायचा तो एवढ्यासाठी. गटाच्या शेडमधली बादल्या विसळलेली घट्ट स्लरी तर एकदम खड्ड्यात ओतूच नका. पुढच्या घाण्याला तेच पाणी वापरा.

आणखी एक गोष्ट. वॉशिंग पावडरमधला सोडा आणि मीठ या तपासणीत येतच नाहीत. ते खनिज, त्यात जिवाणूंना खाण्यासारखं काही नाही. पावडरचं पाणी रोज परसबागेला सोडलं तर त्यातलं सोडियम काळ्या मातीत साचतं आणि जमीन चोपण व्हायला लागते. स्लरी कितीही 'सॉफ्ट' असो.

मग गटाने काय करायचं? तपासणी आपण करायची नाही. ती मुळात एकेका शुद्ध पदार्थाची आहे, आपल्या मिश्रणाची नाही. कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीकडे तिचा कागद असतो. दुकानदाराकडे 'सेफ्टी डेटा शीट' मागा, म्हणजे 'एसडीएस'. तो इंग्रजीत असतो, म्हणून शिकलेल्या मुलीला सोबत बसवा. १२ व्या भागात पर्यावरणाची माहिती असते. तिथे 'रेडीली बायोडिग्रेडेबल' हे शब्द, ३०१ हा आकडा, टक्के आणि २८ दिवस शोधायला सांगा. 'इन्हेरंटली' लिहिलं असेल किंवा ३०२ असेल तर तो पदार्थ कधीतरी कुजू शकतो, सहज नाही. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' लिहून आकडा नसेल तर तो कागद आपल्या कामाचा नाही. एक गट मागेल तेव्हा दुकानदार टाळाटाळ करेल. प्रभाग संघाने सगळ्या गटांची खरेदी एकत्र केली आणि कागदाशिवाय माल नाही म्हटलं, की तो देईल.

लेबलचा प्रश्न आता नुसता शोभेचाही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणपूरक' किंवा 'विघटनशील' म्हणायचं तर पुरावा हवा. हातात कागद असेल तर लेबलवर एवढंच छापा: 'यातील फेस करणारा घटक ओईसीडी ३०१ तपासणीनुसार सहज कुजणारा'. बाटली, सेंट आणि रंग यांचा दावा त्यात नको. कागद नसेल तोवर जुनी लेबलं बाजूला ठेवून साधी लेबलं लावा: गटाचं नाव, माल काय आहे, वजन, किंमत, बनवल्याची तारीख.