शाफ्टची गाडी : आधी काय उघडावे?

प्रश्न : मी स्टुटगार्टला राहतो. १९७९ची बीएमडब्ल्यू आर ८०/७ मोटरसायकल घेतली आहे. रोज चालवण्यासाठी नीट करून थोडे बदलही करायचे आहेत. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : सुरुवात रंगापासून नको, तेलापासून करा. या गाडीत गिअरबॉक्स, शाफ्टची नळी आणि मागचा फायनल ड्राइव्ह यांचे तेल वेगवेगळे भरले जाते. तिन्ही काढून पाहा. बारीक करडी पूड चालेल. चमकणारे तुकडे दिसले तर आत दात किंवा बेअरिंग गेले आहे.

मग मागचे चाक उतरवा. चाक ज्या स्प्लाइनवर बसते, तिचे दात करवतीसारखे टोकदार झाले असतील तर ग्रीसने भागणार नाही, भाग बदलावाच लागेल. क्लचकडची स्प्लाइन पाहायला गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो. ते काम टाळू नका. शाफ्टचे बोल्ट नवे घाला आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

बदलांत पहिला मान ब्रेकला. पुढे दुसरी डिस्क लावणार असाल, तर मास्टर सिलिंडरही त्याला साजेसा हवा. मागचे शॉक फार उंच घेऊ नका. युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो. थ्रॉटल दिला की शाफ्टची गाडी मागून उचलते आणि सोडला की बसते, म्हणून वळणात थ्रॉटल अचानक बंद करू नका.

सुटे भाग विकत घेण्याआधी ट्युफ या वाहनतपासणी संस्थेच्या तपासनिसाशी बोला. जर्मनीत असे बदल तपासून कागदपत्रांत नोंदवावे लागतात.