रोमचा रौप्य दिनार

अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे, वजनाने तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, कडा वेड्यावाकड्या आणि मधले चित्र बहुधा एका बाजूस सरकलेले, असे एक चांदीचे नाणे दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनपासून सीरियापर्यंत चालत असे. रोमन लोक त्याला ‘देनारिअस’ म्हणत. आपल्याकडे संस्कृतात या शब्दाचे ‘दीनार’ झाले. अमरकोशात तो आढळतो, आणि गुप्त राजांच्या काळी सोन्याच्या नाण्यासही हेच नाव होते. इराक, कुवेत, जॉर्डन या देशांचा आजचा दिनार याच घराण्यातला. इंग्रज लोक १९७१ पर्यंत आपल्या पेनीची खूण म्हणून ‘डी’ हे अक्षर लिहीत; तेदेखील पेनी शब्दातले नव्हे, देनारिअसचे आद्याक्षर होय! ज्या राज्याने हे नाणे पाडले ते लयास गेले. नाणे मात्र नावाने अजून जिवंत आहे.

या नाण्याचा जन्म मोठ्या संकटात झाला. इ.स.पूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला. दोन वर्षांनी कॅनीच्या रणांगणावर त्याने रोमच्या सैन्याचा धुव्वा उडविला. युद्ध लांबत गेले आणि खजिना रिता झाला. इ.स.पूर्व २१० मध्ये तर सीनेटच्या सभासदांनी अंगठीसारख्या मोजक्या वस्तू तेवढ्या ठेवून घरातले सोने, चांदी व पैसा खजिन्यात आणून ओतला. याच सुमारास रोमने आपल्या जुन्या चलनाची घडी मोडून नवे रौप्य नाणे काढले. काशाच्या ‘आस’ नावाच्या दहा नाण्यांबरोबर त्याची किंमत ठरली. म्हणून त्यावर दहाचा रोमन आकडा असे व नावातही ‘दहा’ हाच अर्थ होता. एका बाजूस शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस भाले रोखून दौडत जाणारे दोन घोडेस्वार असत. हे स्वार म्हणजे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देवबंधू. आपल्या अश्विनीकुमारांची त्यांना पाहून आठवण येते.

दिनार नेमका केव्हा सुरू झाला, याविषयी विद्वानांत पुष्कळ काळ वाद होता. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इ.स.पूर्व २६९ हे वर्ष लिहून ठेवले आहे. काही आधुनिक पंडित त्याच्याही उलट जाऊन हे नाणे इ.स.पूर्व १८७ पर्यंत अलीकडे ओढीत. हा वाद सिसिली बेटावरील मॉर्गांटिना या उद्ध्वस्त नगराने मिटविला. हे नगर रोमन सैन्याने इ.स.पूर्व २११ मध्ये जिंकले. १९५५ पासून तेथे उत्खनन चालू झाले, तेव्हा त्या विध्वंसाच्या राखमातीच्या थरात अगदी आरंभीचे, न झिजलेले दिनार सापडले. जे नाणे २११ च्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले, ते १८७ मध्ये प्रथम पाडलेले असणे शक्य नाही; आणि ते कोरे करकरीत होते, म्हणजे फार जुनेही नव्हते. हीच नाणी कोणी चोरट्याने उकरून बाजारात विकली असती, तर ती सुंदर दिसली असती खरी, पण त्यांच्या तोंडून हा निवाडा मिळाला नसता.

रोमची टांकसाळ जूनो मोनेटा देवीच्या मंदिराजवळ होती. ‘मनी’ व ‘मिंट’ हे इंग्रजी शब्द या मोनेटापासूनच निघाले. यंत्रे नव्हती, सारे काम हाताचे. एक ठसा ऐरणीत पक्का बसविलेला असे. त्यावर चांदीची तापविलेली चकती ठेवून दुसरा ठसा वर धरीत आणि त्यावर घणाचा घाव घालीत. घाव तिरपा बसला की चित्र सरके, म्हणूनच एकासारखे दुसरे नाणे सापडणे कठीण. वजनाबाबत मात्र ही मोकळीक नव्हती. आरंभीच्या काही वर्षांनंतर एका रोमन रत्तल चांदीचे ८४ दिनार, हे प्रमाण ठरले आणि ते दोनशेहून अधिक वर्षे चालले. तरीही लबाडी होतच असे. आत तांबे व वर चांदीचा पत्रा असलेली खोटी नाणी बाजारात शिरत. मग रोमचे सराफ संशयाने नाण्यावर बारीक टोचा मारून आतली धातू पाहून घेत. त्या टोच्यांच्या खुणा पुष्कळ नाण्यांवर आजही दिसतात.

वर्तमानपत्रे नसलेल्या त्या काळी राज्याची बातमी खेडोपाडी पोहोचविण्याचे काम नाण्यांनी केले. रोममध्ये जिवंत माणसाचा मुखवटा नाण्यावर घालण्याची चाल नव्हती; देव व पूर्वजच तेथे शोभत. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्यूलिअस सीझरने ही मर्यादा ओलांडली. आपल्या गणराज्याचा आता राजा होऊ घातला आहे, हे त्या नाण्यावरून ज्याला त्याला कळले. त्याच वर्षी १५ मार्च रोजी त्याचा खून झाला. मारेकऱ्यांचा पुढारी ब्रूटस याने पुढे आपले नाणे पाडले. त्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये दास्यमुक्तांना मिळणारी टोपी आणि खाली खुनाची तिथी! राजहत्येची अशी उघड ग्वाही देणारे नाणे जगाच्या इतिहासात विरळाच. पण ते उलटून पाहावे, तर दुसऱ्या बाजूस स्वतः ब्रूटसचेच मस्तक कोरलेले आहे. ज्या कृत्याचा त्याने सीझरवर ठपका ठेवला, तेच त्याने स्वतः केले. इ.स.पूर्व ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत त्याचा पराभव होऊन त्याने आत्महत्या केली. ही नाणी आज फार थोडी उरली आहेत.

आता हिंदी महासागराकडे वळू. प्लिनीनेच एक गोष्ट सांगितली आहे. क्लॉडिअस बादशहाच्या काळी तांबड्या समुद्रावर करवसुली करणाऱ्या एका मक्तेदाराचा माणूस वादळात सापडून वाहत वाहत सिंहलद्वीपास लागला. तेथील राजाने त्याचा पाहुणचार केला. त्याच्याजवळचे दिनार पाहताना राजाच्या एक गोष्ट ध्यानात आली: नाण्यांवर चेहरे निरनिराळ्या बादशहांचे, पण वजन सर्वांचे सारखे! राजे बदलले तरी माप बदलत नाही, अशा लोकांच्या सचोटीचे त्याला नवल वाटले, आणि त्याने रोमला आपले वकील पाठविले. गोष्टीला थोडे तिखटमीठ लागले असेल. पण दक्षिण भारतात दिनारांचे जे साठे सापडतात ते हेच सांगतात. त्यांत ऑगस्टस व टायबेरिअस या दोन बादशहांचीच नाणी अतिशय विपुल आहेत. आपले व्यापारी मिरे, मोती व कापड देऊन ही नाणी घेत, ती पारखून घेत.

त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोच, सोपारा व कल्याण या बंदरांची नावे येतात. पैठणहून गोमेदासारखे खडे व तेरहून सुती कापड गाड्यांत भरून भडोचला येई, आणि तेथे रोमन सोन्याचांदीची नाणी देशी नाण्यांशी बदलल्यास नफा होई, असे तो सांगतो. मग आपल्या महाराष्ट्रात दिनारांचे मोठे साठे का सापडत नाहीत? काही विद्वानांचा तर्क असा की, पश्चिमेकडील क्षत्रप राजांनी ती चांदी वितळवून आपली नाणी पाडली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक रौप्य नाणी मिळाली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्यांत रोमची चांदी किती, कोण जाणे! तेर येथे मात्र रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्या दागिन्यासारख्या गळ्यात घालीत. पुतळ्यांची माळ ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

सिंहलच्या राजाने ज्या सचोटीची वाखाणणी केली, ती पुढे टिकली नाही. ऑगस्टसच्या दिनारात शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव भाग चांदी असे. इ.स. ६४ मध्ये नीरोने एका रत्तलाचे ८४ ऐवजी ९६ दिनार पाडले आणि चांदीत तांबेही अधिक घातले. ही वाट एकदा मोकळी झाल्यावर पुढच्यांना ती सोपी गेली. सैन्याला संतुष्ट ठेवल्यावाचून गादी टिकेना. इ.स. १९३ मध्ये तर बादशहाच्या अंगरक्षकांनी आपल्या धन्याला ठार करून साम्राज्याचा चक्क लिलाव पुकारला! डिडिअस जूलिएनस नावाच्या श्रीमंताने शिपायामागे ६,२५० दिनार देऊ करून तो जिंकला. त्याच्या नाण्यांवर ‘सैन्याचा एकोपा’ असे शब्द आहेत. दोन महिन्यांतच त्याचे डोके उडाले. त्याच्यानंतरच्या सेव्हेरसने सैन्याचा पगार वाढविला व दिनारातील चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने किरणांचा मुकुट घातलेल्या चेहऱ्याचे एक नवे नाणे काढले. ते दोन दिनारांच्या मोलाचे मानीत; चांदी मात्र दीड दिनाराएवढीच होती. इ.स. २६८ मध्ये गॅलिएनस बादशहा मारला गेला, तेव्हा या नाण्यात शंभरात पाच भागही चांदी उरली नव्हती. तांब्याच्या चकतीवर रुपेरी मुलामा, आणि तोही थोड्या वापराने उडून जाई.

अशा वेळी लोक काय करतात? चांगले नाणे गाडग्यात पुरून ठेवतात आणि हिणकस नाणे बाजारात खपवितात. मार्क अँटनीने ॲक्टिअमच्या लढाईपूर्वी, इ.स.पूर्व ३२-३१ मध्ये, सैन्याला वाटण्यासाठी पाडलेले दिनार इतरांपेक्षा कमी कसाचे होते; म्हणून ते कोणी साठवून ठेवले नाहीत, आणि पार झिजून गुळगुळीत होईपर्यंत दोनशेहून अधिक वर्षे ते या हातातून त्या हातात फिरत राहिले! अखेर इ.स. ३०१ मध्ये डायोक्लेशन बादशहाला देहदंडाची धमकी देऊन वस्तूंचे भाव बांधावे लागले. त्या यादीत एक माप गव्हाचा भाव १०० दिनार आहे. ऑगस्टसच्या वेळी शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनार होता. त्या पैशात आता दोन मापे गहू कसेबसे आले असते.

नाण्यांचा संग्राहक ही सारी नाणी एका खणात ओळीने मांडतो. पहिले पांढरे शुभ्र, शेवटचे तपकिरी. मधल्या तीनशे वर्षांची उतरण डोळ्यांनी पाहता येते. बादशहांच्या दरबारी लेखकांनी त्यांचे गोडवे गाइले असतील, पण तराजू व कसोटी यांना भाटगिरी येत नाही.

हा छंद जुना आहे. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेट्रार्क रोममध्ये असताना द्राक्षमळ्यांत खणणारे मजूर त्याच्याकडे जुनी नाणी घेऊन येत आणि त्यावरचा चेहरा कोणाचा, असे विचारीत. १३५४ मध्ये त्याने अशी काही नाणी बादशहा चौथा चार्ल्स याला भेट दिली. छंद वाढला तसे लबाडही निपजले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेकर नावाच्या जर्मन गृहस्थाने अप्रतिम खोटी नाणी बनविली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाचा कीस व तेल भरलेल्या पेटीत घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीस बांधी व खडबडीत रस्त्याने फेरफटका करून येई, असे सांगतात. म्हणून जाणता संग्राहक नाणे घेताना ते कोठून आले, कोणाच्या हातून आले, हे आधी विचारतो. आपल्या देशात तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले दहा रुपयांवरील धन सापडल्यास ते जिल्ह्याच्या कलेक्टरला कळवावे लागते.

अशा प्रामाणिकपणाचे एक उदाहरण इंग्लंडमधील हॉक्सन गावी घडले. नोव्हेंबर १९९२ मध्ये तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधण्यासाठी त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन आला. हातोड्याऐवजी त्याला आधी चांदीचे चमचे, मग नाणी लागू लागली. लोभाने सारे शेत उकरून न काढता त्याने अधिकाऱ्यांना वर्दी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी तेथे शिस्तीने खणावयास सुरुवात केली. लाकडी पेटीत जशीच्या तशी रचलेली चौदा हजारांहून अधिक रौप्य नाणी निघाली. ही दिनाराच्या मागून आलेल्या शेवटच्या रोमन पिढीतली होती. रोमची सत्ता ब्रिटनमधून उठून जाण्याच्या सुमारास कोणा श्रीमंत कुटुंबाने ती पुरली होती. पुष्कळ नाण्यांच्या कडा कोणी कातरून चांदी काढून घेतलेली आहे. बादशहाच्या चेहऱ्याला मात्र कात्री लावलेली नाही. नाण्यांबरोबर एका स्त्रीच्या आकाराची रुपेरी मिरेदाणीही मिळाली. मिरे तर मलबारहूनच जात! ज्या समुद्रमार्गाने एके काळी दिनार आपल्याकडे आले, त्याच मार्गाने आपले मिरे त्या थंड देशातल्या ताटापर्यंत पोहोचले होते. हा सर्व ठेवा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे तो हरवलेला हातोडाही सापडला, आणि तोसुद्धा तेथेच जतन करून ठेवला आहे.