विसण कोण पळवतं?

शॉवरखाली अचानक चटका बसला की घर बांधून देणारा ठेकेदार बेलाशक गीझरकडे बोट दाखवतो. ही शुद्ध टोलवाटोलवी आहे, आणि तिचा मला संताप येतो. गीझरमधलं पंधरा लिटर पाणी दोन सेकंदांत आठ अंशांनी तापत नाही. तापमान उडी मारतं ते गार पाणी कमी पडल्यामुळे, आणि ते कमी पडतं अरुंद पाइपामुळे. बादलीत आपण विसण एकदाच घालतो, ते कुणी काढून घेत नाही. शॉवरला मात्र विसण क्षणाक्षणाला पाइपातून यावं लागतं. त्याच अर्धा इंची लाइनवर फ्लशची टाकी भरू लागली की ते विसण तिकडे वळतं.

चंडीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरच्या नव्या वसाहतींत घर घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. तिथल्या जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १० अंशांचं आणि गीझरचं ६० अंशांचं धरा. अंगावर ३८ अंश हवे असतील तर गार पाण्याचा वाटा ४४ टक्के लागतो. गार पाण्याचा प्रवाह निम्म्यावर आला की पाणी थेट ४६ अंशांवर जातं. उलट स्वयंपाकघरात कुणी गरम नळ सोडला आणि गरम पाणी निम्मं झालं, तर ते २९वर उतरतं. कोकणात टाकीतलं पाणी २५ अंशांचं असेल तर हीच दोन तापमानं ४४ आणि ३३ अंश येतात. म्हणून 'आमच्याकडे अर्ध्या इंचावर कधी अडलं नाही' हा गावाकडचा अनुभव मुल्लानपूरला उपयोगाचा नाही.

'प्रेशर पंप बसवा' हा दुसरा ठरलेला सल्ला. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा तीन-चार मीटरच उंच असते, म्हणजे दाब मुळातच तुटपुंजा, हे खरं. पण पंपाने सगळ्याच नळांचा प्रवाह वाढतो. सामायिक पाइपातली ओढाताण तशीच राहते. घर्षणाने जाणारा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्ध्याऐवजी पाऊण इंची पाइप घेतला तर तेवढ्याच प्रवाहाला वाया जाणारा दाब चौथ्या हिश्शाहूनही कमी होतो. जाड पाइपात गरम पाणी उशिरा पोहोचतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून गीझर ते शॉवर हा तुकडा आखूड आणि अर्धा इंचीच ठेवा. गार पाण्याची मुख्य लाइन पाऊण किंवा एक इंची घ्या आणि फ्लशसाठी टाकीपासूनच वेगळी लाइन काढा. घर आधीच बांधून झालं असेल तर तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा, पण तुमच्या टाकीच्या दाबावर तो चालतो का हे आधी विचारा. गीझर ५० अंशांवर ठेवला तरी चटका सौम्य होतो. घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर हे आजच करा. कामावर लक्ष ठेवा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन की टाइल लागण्याआधी पाइपावर छापलेला आकडा स्वतः वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर 'पाऊण इंचीच टाकला होता' असं तोंडावर सांगितलं जातं, आणि ते खोटं ठरवायला स्वतःचीच भिंत फोडावी लागते.