‘पास्ड अवे’ म्हणजे पास झाला नव्हे



या महिन्यात गुरुजींनी प्रत्येकाला लेखासाठी एक विषय दिला. मला ‘इंग्रजीतील वाक्प्रचार व त्यांचे अर्थ’ हा विषय मिळाला. मिळाला म्हणजे मीच मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आजीचे थोरले भाऊ पुण्याला दवाखान्यात होते. त्यांच्या टेस्ट चालू आहेत एवढे आम्हांला कळले होते. टेस्ट म्हणजे परीक्षा हे मला पहिलीपासून माहीत आहे. एके दिवशी सकाळीच आई-बाबा भात लावायला गेले होते आणि बाबांचा मोबाईल घरी होता. आमच्या वाडीत रेंज येते आणि जाते. फोन लागत नाही, पण निरोप येऊन पडतो. तसा एक निरोप आला. आजीच्या भावाच्या नातवाने तो इंग्रजीत लिहिला होता. आजी म्हणाली, “वाच गं पोरी, दादाचं काय लिवलंय?”

मी वाचले, “ग्रँडपा पास्ड अवे धिस मॉर्निंग.” ग्रँडपा म्हणजे आजोबा. धिस मॉर्निंग म्हणजे आज सकाळी. पास्ड म्हणजे पास झाले. राहिला ‘अवे’. तो मला येत नव्हता. एवढासा तर शब्द, त्याने काय होतंय, म्हणून मी तो सोडून दिला. आणि मोठ्याने सांगितले, “आज्जी, आजोबा टेस्टमध्ये पास झाले!”

आजीने देवापुढे साखर ठेवली. मला दिली, शेजारच्या काकूंनाही दिली.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी मोबाईल बघितला आणि ते मटकन खालीच बसले. पास्ड अवे म्हणजे वारले. सकाळी नीट वाचले असते तर आजीला अकराची एसटी मिळाली असती आणि भावाचे तोंड बघायला मिळाले असते. तोपर्यंत तिकडे सगळे उरकले होते. आजी मला काहीच रागावली नाही. त्यामुळे मला जास्त रडू आले.

नंतर मी हे गुरुजींना सांगितले. गुरुजींनी गणिताचा तास बाजूला ठेवून फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. मुलगा परीक्षेत ‘पास्ड’. बस शाळेवरून ‘पास्ड’. आजोबा ‘पास्ड अवे’. पहिल्यात तो उत्तीर्ण झाला, दुसऱ्यात बस शाळेवरून पुढे गेली आणि तिसऱ्यात आजोबा वारले. गुरुजी म्हणाले की इंग्रजीत अवे, अप, ऑफ, आउट, ऑन, आफ्टर असे बारके शब्द आहेत. ते क्रियापदाला चिकटले की बऱ्याच वेळा त्याचा अर्थच बदलून टाकतात. मग अर्थ एकेका शब्दात शोधायचा नसतो, तो सगळ्यांचा मिळून असतो.

गिव्ह म्हणजे देणे, पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडून देणे. लुक म्हणजे बघणे. लुक फॉर म्हणजे शोधणे आणि लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. पुट म्हणजे ठेवणे, पण पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे आणि पुट आउट म्हणजे विझवणे. आमच्या वर्गातल्या एकाने ‘पुट आउट द फायर’चा अर्थ ‘विस्तव बाहेर ठेवा’ असा सांगितला. गुरुजी म्हणाले, “ठेव बाबा, आणि बाहेरची गवताची गंजीही पेटव!” सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला साखर आठवली.

पालकांना वाटेल, इंग्रजी भाषा भलतीच फसवी. मलाही तसेच वाटले होते. पण गुरुजींनी विचारले, “आपल्याकडे लागणे म्हणजे काय?” मग आम्ही सांगत गेलो. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, गाडी लागली की उलटी होते. फळा भरला तरी संपेना. एखाद्या इंग्रज मुलीने ‘लागणे’ शब्द एकदाच पाठ केला तर तिचे किती हाल होतील!

गुरुजींनी पुढे विचारले, “आपण आजोबा मेले असे म्हणतो का?” आपण म्हणतो, आजोबा गेले. त्या इंग्रज मुलीला वाटेल, बाजाराला गेले असतील. आजी तर अशुभ नको म्हणून नारळ फोडला असेही म्हणत नाही, वाढवला म्हणते. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणते. दुकान बंद केले तरी दुकान वाढवले. इंग्रजी लोकांनाही मेला शब्द नकोसा वाटतो, म्हणून ते पास्ड अवे म्हणतात. म्हणजे त्या नातवाने बिचाऱ्याने मऊ शब्दच लिहिला होता.

मरण्याला इंग्रजीत दुसरा वाक्प्रचार आहे, ‘किक द बकेट’. शब्दशः अर्थ बादलीला लाथ मारणे. हा जुना आहे, फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ सालच्या कोशात सापडतो. पण तो थट्टेतला आहे, आपल्या ‘गचकला’सारखा. दुःखाच्या पत्रात लिहायचा नाही. आजोबा गचकले असे घरात कोणी म्हटले तर पाठीत धपाटा बसेल.

खूप पाऊस पडला तर इंग्रजीत कुत्री-मांजरे पडतात, ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. गलिव्हरची गोष्ट लिहिणारे जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ सालच्या पुस्तकात असा पाऊस आहे. मला हे फार विचित्र वाटले होते. पण आपण मुसळधार म्हणतो तेव्हा मुसळे कुठे पडतात?

मला सगळ्यांत आवडला तो ‘वन्स इन अ ब्लू मून’. अर्थ आहे, क्वचित कधीतरी. ब्लू मून म्हणजे निळा चंद्र, पण चंद्र निळा होत नाही. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तसे झाले होते. एक पौर्णिमा महिन्याच्या सुरुवातीला आली आणि दुसरी शेवटी, ती आपली राखी पौर्णिमा. त्याच वर्षी पंचांगात अधिक श्रावण होता! गुरुजींनी फळ्यावर हिशेब करून दाखवला. पौर्णिमा ते पौर्णिमा सुमारे साडेएकोणतीस दिवस, बारा वेळा धरले तर ३५४. वर्षाचे दिवस ३६५. दरवर्षी ११ दिवस उरतात आणि तीन वर्षे व्हायच्या आत एक जादा महिना साठतो. आपण त्याला अधिक महिना म्हणतो आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ हा वाक्प्रचारही त्याच्यावरूनच आला. ब्लू मूनसुद्धा याच फरकामुळे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. माझ्या मते एवढ्यात येणाऱ्याला क्वचित म्हणू नये. आमच्या वाडीचा रस्ता त्याहून क्वचित दुरुस्त होतो.

आपलेही वाक्प्रचार असेच उचलून इंग्रजीत नेता येत नाहीत. ‘माझे डोके खाऊ नको’ याचे मी ‘डोन्ट ईट माय हेड’ केले होते. गुरुजी म्हणाले, ऐकणारा घाबरून पळून जाईल.

असे शब्द शब्दकोशात कसे शोधायचे ते आम्ही शिकलो. पास्डसाठी ‘पास’ काढायचा आणि तिथेच थांबायचे नाही. त्याच्या खाली शेवटपर्यंत वाचत जायचे, तिथे ‘पास अवे’ असतो. शाळेच्या कपाटातला शब्दकोश गुरुजींनी मला आठवडाभर घरी न्यायला दिला आहे.

परवा आत्याच्या मुलाचा निरोप आला, “वुई विल ड्रॉप इन ऑन संडे.” ड्रॉप म्हणजे पाडणे किंवा पडणे, हे मला माहीत होते. मी काही बोलले नाही, शब्दकोश काढला. आजी चष्मा पुसून माझ्याजवळ येऊन बसली. तिला वाचता येत नाही, तरी तिने त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “ह्याच्या मागं बारका शब्द हाय का गं?”

मी म्हणाले, “हाय. इन हाय. ड्रॉप इन म्हणजे सहज भेटायला येणं. रविवारी सगळी येणारेत.”

आजी म्हणाली, “परत एकदा बघ.”

मी परत एकदा बघितले.

— इयत्ता चौथी