सायकलचा सांगाडा : विलायती कीं देशी?

सायकल घेतांना पालक पुसतात, 'विलायती बरी कीं देशी?' आमच्या मतें प्रश्न नळीचा व सांध्याचा आहे.

१८९७ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यानें टोंकांस जाड व मध्यें पातळ अशा पोलादी नळीचें पेटंट घेतलें. ताण सांध्यापाशीं अधिक, म्हणून धातुहि तेथेंच अधिक. यामुळें सांगाडा हलका असूनहि बळकट झाला. सर्वत्र सारखी जाड नळी जड खरी. परंतु तळोद्याच्या रस्त्यांनीं गवताचा भारा वाहण्यास तीच पुरते.

पुढें १९४९ सालीं मद्रासेस मुरुगप्पा घराण्यानें एका इंग्रज मंडळीच्या भागीदारीनें कारखाना काढला, आणि 'हर्क्युलिस' हें विलायती नांव देशी सायकलीवर आलें. तेव्हां नुसत्या नांवावरून काय कळणार?

म्हणून विद्यार्थ्यांनो, स्वतः परीक्षा करा. मागील आंसाच्या एका टोंकास दोरा बांधून तो हँडलखालच्या नळीस वळसा घालून आंसाच्या दुसऱ्या टोंकापर्यंत ताणा. बैठकीखालच्या नळीपासून दोऱ्याचें अंतर दोहों बाजूंस सारखें भरलें, तर सांगाडा सरळ समजावा. सांध्यापाशीं रंगास चीर दिसल्यास ती सायकल घेऊं नये. चालतां सांधा तुटल्यास जिवावर बेततें.

देशाभिमान अवश्य असावा. मात्र तो दोरा लावून पाहण्यास भिणारा नसावा.